तालमीत नसलेला प्रश्न

बायको जाऊन महिना झाला होता आणि सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं. मुलीला सांभाळायला येणाऱ्या बाईंना काय काय विचारायचं, याची बहिणीने माझ्याकडून तालीम करून घेतली. “नुसती मान डोलावत बसू नकोस, दादा. वहिनी होती तोवर चाललं ते.”

बाई आल्या. आधी कुठे होतात, ते घर का सोडलंत, पोर तापली तर काय कराल, सगळं मी विचारलं.

“पोरं मोठी होतात, साहेब. घर सोडावंच लागतं,” त्या म्हणाल्या. बाकीची उत्तरंही अशीच सरळ होती. मग म्हणाल्या, “तुमचं झालं असेल तर मी एक विचारते. जेवताना ही हट्टाला पेटली, की हिची आई काय करायची?”

“थांबा हं, हिला विचारून सांगतो,” म्हणत मी स्वयंपाकघराकडे वळून बायकोच्या नावाने हाकही मारली.

मुलगी खेळणं टाकून दाराकडे बघायला लागली.

बाई म्हणाल्या, “राहू द्या, ते मी बघून घेईन. आणि सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? उद्याच येते मी.”