जाळीतली लव

आमच्या इमारतीच्या धुण्याच्या खोलीत केतेवानच्या नावाने चिठ्ठी लागली होती. "ड्रायरच्या जाळीत कपड्यांची लव तशीच ठेवून गेलीस! काढायला इथे तुझी आई येणार आहे का? – गुनवोर, दुसरा मजला."

केतेवान जॉर्जियाहून इथे स्वीडनमध्ये शिकायला आलेली, स्वीडिश व्याकरणात कायम नापास. शब्दकोश उघडून तिने चार ओळींची माफी लिहिली आणि तिथेच चिकटवली. दुसऱ्या दिवशी माफी लाल शाईने भरलेली होती. खाली शेरा, "अकरा चुका. पुन्हा लिही."

केतेवान जाम चिडली आणि तिने पुन्हा लिहिलं. मग दर गुरुवारी, केतेवानच्या धुण्याच्या दिवशी, गुनवोरची नवी तक्रार, हिची नवी माफी, वर लाल शाई. भेट मात्र कधीच नाही. जिन्यात चाहूल लागली की दाराआड थांबायचं, ही आमच्याकडची रीत केतेवान व्याकरणाआधीच शिकली होती.

मार्चमध्ये एका माफीवर लाल खूणच नव्हती. "एकही चूक नाही. शाबास," गुनवोरने लिहिलं होतं.

त्याखाली बारीक अक्षरात, "पुढच्या गुरुवारी जाळी साफ करू नकोस."