बंडू आल्यावर

“समजा, या खुर्चीवर तुमचा भाऊ बसलाय,” अस्मिताने प्लास्टिकची एक रिकामी खुर्ची मानसिंगसमोर सरकवली. “बोला त्याच्याशी.”

मानसिंगने खुर्चीकडे पाहिलं, मग भिंतीशी बसलेल्या बायकोकडे, यशोदाकडे. वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहणारा हा धिप्पाड गडी दोन वर्षं धड जेवत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता, आणि अलीकडे तर कामावरही जात नव्हता. धाकटा भाऊ बंडू गोण्यांच्या थप्पीखाली सापडून गेला, तेव्हापासून हे असं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप यायला लागली, बाकी काही हललं नाही. म्हणून यशोदा त्याला नेरूळच्या या समुपदेशन केंद्रात घेऊन आली होती. मनात दाबून ठेवलेलं बाहेर काढायचं, अशी इथली पद्धत. इथली समुपदेशक अस्मिता ती नुकतीच शिकून आली होती आणि तिचा त्यावर भारी विश्वास होता.

मानसिंग उठला. कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर पाणी आणून त्याने खुर्चीपुढे ठेवलं.

“बंडू, जेवलास का?”

अस्मिता जरा पुढे झुकली. “तो सोडून गेला याचा राग येत असेल ना तुम्हाला? तो बोलून दाखवा.”

“मॅडम, दोन वर्सांनी आलाय त्यो. आल्या आल्या भांडू?”

अस्मिताने वहीत लिहिलेला पुढचा प्रश्न खोडला. मानसिंग मात्र बोलत राहिला. आईचं गुडघं दुखत्यात, म्हस इकली, हिरीला औंदा पाणी हाय. राग नाही, रडणं नाही. अस्मिता मनातून हिरमुसली. वेळ संपत आली तशी ती म्हणाली, “आता त्याला निरोप द्या. म्हणा, बंडू, तू जा.”

मानसिंगचा चेहरा उतरला.

“त्ये नका सांगू, मॅडम. त्ये एकदा म्हनलोय.” त्याने खुर्चीवरची नजर काढून घेतली. “त्या दिवशी गाडी खाली करायची पाळी माजी हुती. अंगात ताप हुता. म्हनलं, बंडू, तू जा.”

आणि तो रडला. गुडघ्यांत डोकं घालून, हुंदके देऊन रडला. अस्मितालाही भरून आलं. आपली पद्धत लागू पडली म्हणून तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली. ती खुर्ची उचलायला वाकली.

“ऱ्हाऊ द्या.”

इतका वेळ भिंतीशी गप्प बसलेली यशोदा उठली होती. ती खुर्चीसमोर आली आणि तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“भावजी, ह्यांचा काय बी दोष न्हाय. ह्ये तापात बी निघालं हुतं. तुमाला पाठवा म्हनून मीच हटून बसले.”