डोन्या एरमिंदांच्या नवऱ्याचं सूप

कोलोन बंदर सोडल्यापासून समुद्र खवळलेला होता. दुपारी जेवायला जेमतेम आठ-दहा प्रवासी आले. बश्या घसरू नयेत म्हणून आम्ही दोघा वाढप्यांनी, आन्सेल्मोनं आणि मी, टेबलांवरची कापडं ओली करून ठेवली होती.

डोन्या एरमिंदा खिडकीपाशी बसल्या आणि रोजच्यासारखं वारलेल्या नवऱ्यासाठीही सूप मागवलं. त्यांच्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे मी वाडगा ठेवला.

जहाज कललं की सगळ्यांच्या वाडग्यांत सूप कलायचं. त्या वाडग्यात मात्र ते आधी कलायचं आणि मग जहाज.

मी आन्सेल्मोला सांगितलं.

“इतकी वर्षं वाढपी आहेस, आणि आज तुला बोट लागली?” तो म्हणाला. “जा, हिरवं सफरचंद खा.”

पण तोही बघत उभा राहिला. उजवीकडे सूप, मग जहाज. डावीकडे सूप, मग जहाज.

“ह्यांचं पहिल्यापासून असंच,” डोन्या म्हणाल्या. “सगळ्यात घाई.”

तेवढ्यात त्या वाडग्यातलं सूप डावीकडे कललं, काठावरून सांडलं आणि सांडतच राहिलं. माघारी फिरलंच नाही.

डोन्यांनी चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं.

जहाज अजून सरळ होतं.