गरम इंजिन

आमच्या फ्योर्डकाठी जुनी मोटरबोट घेणारा विकणाऱ्याला आधीच बजावून ठेवतो, "मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका." रात्रभर गार पडलेलं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, तरच त्याची तब्येत धड. म्हाताऱ्या आस्लाकलाही मी फोनवर हेच सांगितलं होतं. तरी सकाळी धक्क्यावर जाऊन इंजिनावर हात ठेवला, तर ते चांगलं गरम!

"शपथेवर सांगतो, मी हातही लावला नाही," आस्लाक म्हणाला. "आणि माझ्याशिवाय ही चालवणार कोण? आमच्या इंगेबोर्गला साधी किल्ली फिरवता येत नाही."

आलोच होतो, म्हणून एक चक्कर मारून पाहिली. बोट वाऱ्यासारखी पळाली. पण मी काही दूधखुळा नाही. तो दोन लाख क्रोनर मागत होता, मी एकावर अडून बसलो. "गरम इंजिनाचे एवढेच, काका."

म्हातारा भडकला. "मला लबाड म्हणतोस? आधीची दोन गिऱ्हाइकंही हेच बरळून गेली! जा, विकायचीच नाही मला!" आणि तरातरा घरात निघून गेला.

त्याची बायको इंगेबोर्ग वॉफलची बशी घेऊन धक्क्यावर आली. केस वाऱ्याने पार विस्कटलेले.

 

"रागावू नकोस हं त्याच्यावर. तो उठतो आठला. त्याआधी समुद्रात एक चक्कर मारून आल्याशिवाय मला कॉफी गोडच लागत नाही."