खणातलं ब्रेक पॅड

मेकॅनिकने एसयूव्हीचं पुढचं चाक उतरवलं. ब्रेक पॅडवर घासायला काही उरलंच नव्हतं, लोखंडावर लोखंड घासत होतं. त्याने पॅड काढून गाडीमालकापुढे धरलं. "साहेब, हे असं घेऊन घाट उतरू नका."

गाडीमालक हसला. "गेल्या वर्षीही असंच पॅड दाखवून घाबरवलं होतंस. दुसरीकडे नेली, तर माझी पॅडं ठणठणीत निघाली. आता नाही फसणार. करकर धुळीमुळे होते, व्हिडिओत बघितलंय मी. हेच बसव परत."

"अहो, एकदा ऐका तरी त्यांचं," गाडीतून बायको म्हणाली. तिच्या मांडीवर मूल झोपलं होतं.

"नवीन बसवतो, साहेब. एक पैसाही देऊ नका." मेकॅनिकने पाना उचलला.

"फुकट? म्हणजे आता दुसरंच काहीतरी मोडून ठेवणार!" गाडीमालकाने त्याच्या हातातला पाना ओढून घेतला. "सरक, मीच बसवतो."

चाक चढलं. मेकॅनिक गाडीला आडवा गेला, तर गाडीमालकाने हॉर्न दाबत त्याला वळसा घातला. करकर करत गाडी उताराला लागली.

मेकॅनिकने टेबलाचा खण उघडला. गिऱ्हाइकांना घाबरवायला इतकी वर्षं जपून ठेवलेलं घासलेलं पॅड तिथेच होतं. त्याने ते उजेडात धरलं.

त्यावर निदान नखाएवढा थर तरी शिल्लक होता.