बेडकीचा आडोसा

ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे रुपचंद सर सकाळपासून ओसरीवर सुताराला घेऊन बसले होते. प्रदर्शनासाठी सहा बेडूक पाळायचे, पण पेटी काही ठरत नव्हती.

"तीन बाजूंनी काच, वर जाळी. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ओली माती," सर म्हणाले.

"झालं मग, सर?"

"थांब, अभिमन. माद्यांना मागे फळ्यांचा बंद कोपरा कर. आडोसा नसला की बिचाऱ्या बिथरतात. उघड्यावर कोणाला बरं वाटेल?"

आत भाकरी थापणारी सरांची बायको, कमलबाई, पिठाच्या हातानंच उठली. मागच्या दारी गेली, न्हाणीच्या तोंडाशी दोरीवर टांगलेलं विटकं लुगडं तिनं खस्सकन ओढलं आणि आणून नवऱ्याच्या मांडीवर टाकलं.

"हाई लावा तुमनी बेडकीले. बारा वरीस व्हयनात, मी यानाच आडे आंग धोस."

"अगं, अभिमनसमोर काय हे!"

"आयकू द्या त्याले बी. न्हाणीना दारले तुमले बारा वरीस सुतार भेटना नही. बेडकीले बरा भेटना!"