थांबू नका

आई गेल्याचा फोन सकाळी आठलाच आला होता. घरात ते कळलं दुपारी एकला, ताटं वाढल्यावर.

सणाचा दिवस. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाने दोन महिने आधी सुटी मागून ठेवली होती. बाकीचे सण कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात उभ्याने जायचे. हा एक मात्र तो सोडत नसे. परका देश, सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्या, शेजारी कोण राहतं ते माहीत नाही, तरी सकाळी स्टुलावर चढून त्याने दाराबाहेर पताका लावल्या. आत बायको तळणात गुंतली होती. शेगडीवरच्या पंख्याच्या घरघरीत तिला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

सणाला पहिला फोन आईचा, हे ठरलेलं. ती गावी त्याच्या बहिणीकडे राहायची. अकरा वाजले तरी तिचा फोन नाही.

"म्हातारी रुसली वाटतं," तो म्हणाला.

"रुसेल नाहीतर काय! सहा वर्षं झाली, पुढच्या सणाला येतो, पुढच्या सणाला येतो."

"या वेळी तिकीट काढतोच."

"हेही सहा वर्षं ऐकतेय."

त्याने फोन लावला. तिकडे घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना. अर्ध्या तासाने पुन्हा लावला. सणाच्या दिवशी, भरलेलं घर, आणि फोन उचलायला एक माणूस नाही.

एकला तिघं जेवायला बसले. त्याने घास मोडला आणि तसाच ठेवला. "एकदा लावून बघतो."

"गार होतंय सगळं. जेवा आधी. गेल्या असतील कुठे तरी."

"हो, गेली ना," मुलगी भरल्या तोंडाने म्हणाली. "आत्याचा फोन आला होता."

मुलगी नऊ वर्षांची. दिवसभर बोलायची, आणि कुणाचाही आवाज काढायची, म्हणून घरात तिला साळुंकी म्हणत.

"कधी आला होता?" त्याने विचारलं.

"तुम्ही बाहेर पताका लावत होता तेव्हा. आणि गंमत म्हणजे, आत्याला वाटलं आईच बोलतेय! सारखी वहिनी, वहिनी करत होती." ती खुदकन हसली. "मग मी पण आईचाच आवाज काढला. तिला शेवटपर्यंत कळलं नाही."

बायकोच्या हातातली पळी भांड्यातच राहिली.

"काय म्हणाली आत्या?"

"नीट ऐकू येत नव्हतं. सर्दी झालीये तिला. म्हणाली, आई गेली, दादाला सांग. आणि विचारलं, थांबायचं का?"

"मग? तू काय सांगितलंस?"

साळुंकीने मान वाकडी केली, कपाळावरचा घाम पुसल्यासारखं केलं आणि हुबेहूब आईसारखी म्हणाली, "नका हो थांबू. सणाचा दिवस, मेली किती कामं पडलीत इथे!"

कुणीच हसलं नाही, तेव्हा तिने दोघांकडे पाहिलं. "बाबा, थांबायला सांगायचं होतं का?"

"नाही," तो म्हणाला. "जेव तू."

तो उठला. उष्ट्या हातानेच त्याने फोन लावला. या वेळी लगेच उचलला गेला.

"आत्ताच आलो सगळे परत," बहीण म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "झालं सगळं."

त्याने उष्टा हात पँटला पुसला.

"डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस ठेवता येईल. काका म्हणत होते, थोरला येईल, थांबू. मीच म्हटलं, थांबू नका. त्याच्या घरी सण आहे. दादा, एकच सांग. वहिनी आपल्या मनानं बोलली, की तू तसं सांगितलं होतंस?"

बायको दारात येऊन उभी होती, तोंडावर पदर धरून. साळुंकी तिच्यामागून डोकावत होती. जेवताना आईबाबा का उठले, हे तिला कळत नव्हतं.

"मीच सांगितलं होतं," तो म्हणाला.

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

याला तीन वर्षं झाली. बहीण त्याच्याशी बोलत नाही. सण येतो, सुटी घेतली जाते, ताटं वाढली जातात. आजी गेली म्हणजे काय, ते त्यांनी साळुंकीला त्याच संध्याकाळी सांगितलं. आत्या कशासाठी थांबायचं विचारत होती, ते सांगायचं अजून राहिलं आहे.